रुजणाऱ्या सोयाबीनमधलं तेल जातं कुठे? साठवण, मोडणी आणि मोजणीतल्या अडचणी

प्रयोगवही

इंदूर-महू-देवास पट्ट्यातले शेती, तेल आणि जीवशास्त्र या तिन्हीत मुरलेले लोक इथे आहेत, म्हणून हा धागा काढतेय. बी.एस्सी.च्या तीन मुलींचा प्रोजेक्ट आहे: सोयाबीन रुजताना त्यातल्या तेलाचं काय होतं ते मोजून दाखवायचं. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात काम उरकलेलं असतं की साठवलेल्या मेदाची साखर होते आणि ती अंकुराला मिळते. त्यावर प्रोजेक्ट उभा राहत नाही.

मला हवंय ते असं. तेल पेशीत नेमकं कसं ठेवलेलं असतं, कधी आणि कोणत्या वाटेने मोडतं, आणि सॉक्सलेट (द्रावकाने तेल काढायचं काचेचं उपकरण), ओव्हन, सूक्ष्मदर्शक एवढ्याच सामानावर ते खात्रीने कसं दाखवायचं. बियाणं किती, दिवस कोणते, वजनं कशी घ्यायची, सगळं आकड्यांत सांगा. "छान विषय, वाचतोय" असं लिहिलंत तरी हरकत नाही, पण खाली काहीतरी कामाचंही लिहा.

एरंडाचं_गुऱ्हाळ

आयडीला जागून लांबण लावतो.

तेल पेशीत सैल पसरलेलं नसतं. ते सूक्ष्म थेंबांत बांधलेलं असतं. थेंबाच्या आत ट्रायग्लिसराइड, म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. बाहेर फॉस्फोलिपिडचा एकच थर. पेशीतल्या बाकी सगळ्या पटलांना दोन थर असतात, इथे एक, कारण आतल्या बाजूला पाणी नाहीच. या थरात ओलिओसिन नावाचं प्रथिन रुतलेलं असतं. त्याचा मधला भाग पाण्याला भिणारा आणि केसाच्या आकड्यासारखा वळलेला असतो, तो तेलात घुसतो. दोन्ही टोकं बाहेर पृष्ठभागावर पसरतात. त्यामुळे थेंबांवर ऋण भार राहतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात.

बी वाळतं तेव्हा पेशीतलं पाणी जातं आणि थेंब अगदी एकमेकांना चिकटून दाबले जातात. ओलिओसिन नसतं तर ते मिसळून मोठे गोळे झाले असते. मोठा गोळा झाला की त्याच आकारमानाला पृष्ठभाग कमी, म्हणजे लायपेजला (तेल मोडणाऱ्या एन्झाइमला) काम करायला जागा कमी. ओलिओसिन कमी केलेल्या झाडांत हे पाहिलंय: थेंब फुगतात आणि बी उशिरा रुजतं. उलट ॲव्होकाडो आणि ऑलिव्हच्या गरात ओलिओसिन नसतं आणि तिथले थेंब कितीतरी मोठे असतात. ते तेल रोपासाठी नाहीच, फळ खाणाऱ्यासाठी आहे, आणि गर बियासारखा वाळूनही टिकायचा नसतो.

आता तुमच्या मुलींच्या कामाचं. सोयाबीनचे तेलथेंब फार बारीक, साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर ०.२ मायक्रॉनपाशी संपते. सुदान हा तेलाला लाल करणारा रंग लावून सोयाबीनच्या कापात जे मोठे लालभडक गोळे दिसतात ते बहुतेक वेळा रंगातल्या अल्कोहोलने थेंब फुटून एकत्र आल्यामुळे. सूक्ष्मदर्शकासाठी भुईमूग घ्या. त्याचे थेंब १ ते २ मायक्रॉनचे असतात, ४०० पटीवर स्पष्ट दिसतात. मोजणी सोयाबीनवर, चित्रं भुईमुगावर, असं वाटून घ्या आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा.

राऊकर

+१. साठवणीकडून सुरुवात केलीत ते बरं झालं. मी शेताच्या बाजूने भर घालतो.

माळव्यात पेरणी जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि दाणा भरतो तो साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात. तेल साठतं ते याच काळात. पानातून शेंगेत येते ती साखर, तेल नव्हे. तेल प्रत्येक दाणा स्वतःच बनवतो. दाण्यातल्या लवकात (पेशीतल्या हरितकणाच्या जातीच्या पिशवीत) साखरेतून आलेल्या पायरुवेटपासून असेटिल-कोए (दोन कार्बनांचा तुकडा वाहणारा रेणू), त्यापासून १६ किंवा १८ कार्बनचं मेदाम्ल. तिथेच एक दुहेरी बंध घालून ओलेइक होतं. पुढे ते अंतर्द्रव्य जालिकेत (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात) जातं, तिथे दुसरा आणि तिसरा बंध पडून लिनोलेइक, लिनोलेनिक होतात, आणि ग्लिसरॉलवर तीन जागा भरून ट्रायग्लिसराइड. जालिकेच्या दोन थरांमध्ये ते साचत जातं आणि फुगवटा येऊन थेंब सुटतो. बाहेर एकच थर का, त्याचं उत्तरही यातच आहे.

दाणा हिरवा असतो तोवर त्याच्या आतही उजेड पोचतो आणि त्याचा उपयोग या कारखान्याला होतो. दाणा भरताना ढग किती, ऊन किती, याचा तेलाशी संबंध आहे तो असा.

सोयाबीनचं ढोबळ गणित: तेल १८ ते २० टक्के, प्रथिनं ४० च्या आसपास. एक वाढलं की दुसरं सहसा उतरतं. तेलात लिनोलेइक निम्म्याहून थोडं जास्त, ओलेइक २०-२५, लिनोलेनिक ७-८ टक्के. दाणे भरताना गरमी जास्त असेल तर ओलेइक वाढतं आणि लिनोलेनिक घटतं. म्हणून मुलींनी दोन वेगळ्या हंगामांचं बियाणं मिसळू नये. वाण एक, शेत एक, साल एक.

कुंडीवाली

एक भाबडा प्रश्न. साखर मोडून तेल करायचं, मग तेल मोडून परत साखर करायची. झाडाने हा द्राविडी प्राणायाम कशासाठी करायचा? सरळ पिष्ट साठवलं असतं तर?

एरंडाचं_गुऱ्हाळ

ताई, भाबडा अजिबात नाही. हिशेबच मांडू.

१ ग्रॅम तेल बनवायला झाडाला सुमारे ३ ग्रॅम ग्लुकोज लागतं. परतीच्या वाटेवर १ ग्रॅम तेलातून कागदावर जास्तीत जास्त १.४ ग्रॅम सुक्रोज निघते. म्हणजे वजनाने बघितलं तर निम्म्याहून जास्त तोटा. पण तेलात ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, पिष्टात ४. तेवढीच शिदोरी निम्म्याहून कमी वजनात आणि कमी जागेत मावते. ज्या बियांना लहान राहायचंय आणि तरी भरपूर घेऊन जायचंय, त्यांना हा सौदा परवडतो. गहू-भाताने दुसरा रस्ता धरला, त्यांचंही चाललंय.

१.४ कुठून आला ते मुलींना करून दाखवा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. ट्रायओलेइन घ्या, रेणुभार ८८५. तीन ओलेइक म्हणजे ५४ कार्बन, म्हणजे २७ असेटिल-कोए. साखरेकडे जाताना दर चार कार्बनांतला एक कार्बन डायऑक्साइड म्हणून जातो, उरले ४०.५. ग्लिसरॉलचे ३ मिळवा, झाले ४३.५. सुक्रोजमध्ये १२ कार्बन, म्हणून ३.६ रेणू, गुणिले ३४२, सुमारे १२४० ग्रॅम. भागिले ८८५.

वजन वाढतं कारण तेलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, साखरेत भरपूर असतो. तो हवेतून येतो. त्यामुळे रुजणाऱ्या तेलबियांचं श्वसन-गुणोत्तर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) ०.७ च्या खाली जाऊ शकतं. नुसतं तेल जाळलं तर ०.७ येतं, पिष्ट जाळलं तर १. साधा श्वसनमापी असेल तर सोयाबीन आणि गहू शेजारी लावून हे दिसतं. एका नळीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एकीत नाही, दोन्हींतल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड. नळ्या पाण्यात ठेवून १० मिनिटं तापमान स्थिर होऊ द्या, नाहीतर हाताच्या उबेनेच थेंब सरकतो आणि आकडे भलतेच येतात.

प्रयोगवही

हे सोनं आहे. आता मोडणीची वाट सांगा. आणि कोणत्या दिवशी काय, तेही.

एरंडाचं_गुऱ्हाळ

आधी एक गैरसमज काढतो. मोड फुटायला तेल लागत नाही. पहिले दोन दिवस सोयाबीन आपल्याकडची तयार साखर वापरतं: सुक्रोज, रॅफिनोज, स्टॅचिओज. तेलाची मोडणी वेग घेते ती मूळ बाहेर पडल्यानंतर, जेव्हा रोपाला अंग वाढवायचं असतं आणि पानं अजून कमावती झालेली नसतात. म्हणून ४८ तासांवर प्रयोग थांबवलात तर "तेल कमी होत नाही" असाच निष्कर्ष निघेल, आणि तो त्या दोन दिवसांपुरता बरोबरही असेल.

वाट अशी. तेलथेंबाच्या शेजारी पेरॉक्सिसोम नावाच्या पेशीतल्या छोट्या पिशव्या येऊन चिकटतात. या अवस्थेत त्यांना ग्लायॉक्सिसोम म्हणतात. मुख्य लायपेजचं नाव एसडीपी१ (शुगर-डिपेन्डंट, म्हणजे साखरेवर अवलंबून), ते २००६ मध्ये ओळखलं गेलं. नावामागे कारण आहे: हे जनुक बिघडलेलं रोप बाहेरून साखर दिली तरच वाढतं, एरवी मोड काढून तिथेच अडकतं. ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या लहान रोपात दिसलंय की हे लायपेज आधी पेरॉक्सिसोमच्या पटलावर असतं आणि तिथून तेलथेंबाकडे येतं. तेलथेंबावरचं ओलिओसिनही टप्प्याटप्प्याने काढून टाकलं जातं.

सुटलेली मेदाम्लं पेरॉक्सिसोमच्या आत ओढली जातात. तिथे बीटा-ऑक्सिडेशन, म्हणजे आम्लाच्या (कार्बॉक्सिल) टोकाकडून दोन-दोन कार्बन कापणं. ओलेइकला ८ फेऱ्या, ९ असेटिल-कोए. प्राण्यांत हे काम मुख्यतः तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) होतं, वनस्पतीत पेरॉक्सिसोममध्ये. इथल्या पहिल्याच पायरीवर इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते निस्तरायला कॅटालेज त्याच पिशवीत हजर असतं.

पुढे ग्लायॉक्सिलेट चक्र. क्रेब्स चक्रात (श्वसनाच्या नेहमीच्या चक्रात) जिथे दोन कार्बन धुरासारखे उडून जातात त्या दोन पायऱ्या इथे टाळल्या जातात. आयसोसिट्रेट लायेज आणि मॅलेट सिंथेज ही दोन एन्झाइमं तो आडमार्ग पाडतात. दोन असेटिल-कोएतून एक सक्सिनेट, ते तंतुकणिकेत जाऊन ऑक्झॅलोअसिटेट, तिथून पेशीद्रव्यात फॉस्फोइनॉलपायरुवेट (तो एक कार्बन इथे जातो) आणि शेवटी सुक्रोज. कॉर्नबर्ग आणि क्रेब्स यांनी हे चक्र १९५७ मध्ये सूक्ष्मजीवांत मांडलं. त्याच वर्षी कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स यांनी ते एरंडाच्या बियांत दाखवलं. १९६७ मध्ये ब्रायडेनबाख आणि बीव्हर्स यांनी एरंडाच्या भ्रूणपोषातूनच (बीतल्या साठवणीच्या भागातूनच) ग्लायॉक्सिसोम वेगळे काढले. माझ्या आयडीत एरंड का, ते आता कळलं असेल.

तेलाची साखर झालीच पाहिजे असंही नाही. ॲरॅबिडॉप्सिसमध्ये आयसोसिट्रेट लायेज बंद पाडलं तरी रोपं भरपूर उजेडात तग धरतात, कारण असेटिल-कोए श्वसनात जाळता येतं. उजेड कमी झाला की त्यांची पंचाईत होते.

दिवस. २५ ते ३० अंशांवर सोयाबीन: पहिले दोन दिवस तेलात फारसा फरक नाही, तिसऱ्या-चौथ्यापासून उतरण, आठवड्याच्या शेवटापर्यंत बरंच गेलेलं. दलं (दाण्याच्या दोन जाड डाळिंब्या) जमिनीवर येऊन हिरवी होतात तेव्हा तेच ग्लायॉक्सिसोम एन्झाइमं बदलून पानातल्या पेरॉक्सिसोमचं काम करू लागतात.

छावणीचा_दलाल

भिया, आम्ही दाणा दाताखाली धरून भाव सांगणारी माणसं, पण यातलं थोडं आमच्याही कामाचं आहे.

पावसात भिजलेल्या मालाच्या तेलात मुक्त मेदाम्लं वाढलेली येतात. वर लिहिलंय ते लायपेजवालं प्रकरणच, फक्त मोड न येता. त्यातही डाळ पडलेला, म्हणजे फुटलेला दाणा जास्त वाईट. अख्ख्या दाण्यात तेल एका बाजूला, लायपेज आणि लायपॉक्सिजनेज (मेदाम्लाला ऑक्सिजन जोडणारं एन्झाइम) दुसऱ्या बाजूला. दाणा फुटून ओलावा लागला की सगळे एकत्र. शिवाय ओलसर मालात फॉस्फोलायपेज-डी चालू होतं. त्याने लेसिथिनचं (तेलातल्या फॉस्फोलिपिडांचं) असं रूप होतं जे गम, म्हणजे तेलातला चिकट भाग, काढताना पाण्याने निघत नाही, मग ॲसिड द्यावं लागतं. सॉल्व्हंट प्लांटवाले ओलाव्यावरून भाव का पाडतात, त्यातलं हे एक कारण. सगळं नाही, एक.

तेलथेंब एवढे बारीक आणि प्रथिनात गच्च रुतलेले, म्हणून सोयाबीन घाण्याला फारसं दाद देत नाही. आधी दाणा गरम करून त्याचे पातळ पापुद्रे पाडतात, पेशी फोडतात, मग हेक्झेन. मुलींनी दाणे नुसते ठेचून सॉक्सलेटला लावले तर तेल आतच राहील. बारीक भुकटी हवी.

प्रयोगवही

दादा, धन्यवाद. भुकटीचा मुद्दा लगेच टिपला. आता कोणीतरी पूर्ण कृती लिहा ना.

गाळणकागद

लिहितो. ज्या जागी हे प्रयोग फसतात त्या जागा आधी पक्क्या करा, बाकी सोपं आहे.

बियाणं. बाजारातलं पिशवीबंद बियाणं बहुतेक वेळा बुरशीनाशक लावलेलं, रंगीत असतं. ते नको. न लावलेलं घ्या आणि आधी उगवण तपासा, ८० च्या खाली असेल तर बदला. उजेडातला आणि अंधारातला असे दोन संच, ०, २, ४, ६, ८ असे पाच दिवस, दर वेळी २० दाण्यांच्या तीन तुकड्या, म्हणजे ६०० दाणे. न उगवणाऱ्यांची भरपाई धरून ८०० मोजा. १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर सुमारे १०० ग्रॅम बियाणं. दाणे एकसारख्या आकाराचे निवडा आणि प्रत्येक तुकडीचं सुरुवातीचं वजन लिहून ठेवा. ही नोंद राहिली तर पुढचं सगळं गणित लंगडं.

रुजवणं. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटं, मग चार-पाच पाण्यांनी धुणं. त्यानंतर मटकीसारखं रात्रभर बुडवून ठेवू नका. सोयाबीनचं साल पातळ, कोरडा दाणा पाणी झपाट्याने पितो, पेशींची पटलं फाटतात आणि आतला ऐवज पाण्यात झिरपतो. पाण्याखाली ऑक्सिजनही नाही. ओल्या गाळणकागदाच्या गुंडाळीत किंवा धुतलेल्या ओलसर वाळूत ठेवा. कागद पिळल्यावर थेंब पडू नयेत इतकीच ओल.

नमुना. दलं आणि बाकीचा अंकुर वेगळे करा. दलं लगेच ५ मिनिटं वाफेवर धरा आणि मगच ६०-७० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. वाफ का? ४०-५० अंशांवर हळूहळू वाळताना लायपेज आणि लायपॉक्सिजनेज तासन् तास काम करत राहतात. मग तुम्ही रोपाने मोडलेलं तेल मोजत नाही, ओव्हनने मोडलेलं मोजता.

तेल काढणं. बारीक भुकटी, पूर्ण कोरडी. ओल राहिली तर पेट्रोलियम ईथर आत शिरत नाही. ६ ते ८ तास सॉक्सलेट, उघडी ज्योत नाही, पाण्याचं बाथ किंवा मँटल. फ्लास्क आधी कोरडा वजन केलेला. ईथर उडवल्यावर ओव्हनमध्ये अर्धा तास, डेसिकेटरमध्ये थंड, मग वजन.

आता सगळ्यात मोठी फसगत, टक्केवारीची. २० दाणे २.४ ग्रॅम, १० टक्के ओल वजा केली तर कोरडे २.१६ ग्रॅम, त्यात तेल सुमारे ०.४३ ग्रॅम. चौथ्या दिवशी दलं पाणी पिऊन ५ ग्रॅमची झाली समजा. एक रेणूही मोडला नसला तरी ओल्या वजनावर तेल ८.६ टक्के दिसेल. वा, निम्म्याहून जास्त गेलं! नाही, काहीच गेलेलं नाही. उलट बाजूही बघा: दलांतून प्रथिनं, साखर आणि तेल सारख्याच प्रमाणात गेलं, कोरडं वजन १.३ वर आलं, तेल ०.२६ वर आलं, तर कोरड्या वजनावर टक्के तेच २०. तेल ४० टक्के संपलंय आणि आलेख सपाट! म्हणून आकडा लिहायचा तो "दर २० दाण्यांमागे मिलिग्रॅम तेल" असा. टक्के हवे तर खालच्या ओळीत.

एरंडाचं_गुऱ्हाळ

अगदी. आणखी एक भर: उजेडातल्या संचाची दलं हिरवी होतात, पेट्रोलियम ईथर हरितद्रव्य, मेण, मुक्त मेदाम्लं सगळं ओढून घेतं. आठव्या दिवसाचा अर्क हिरवा येईल आणि त्याचं वजन म्हणजे ट्रायग्लिसराइड नव्हे. त्याला "कच्चं तेल" म्हणा. थिन लेयर क्रोमॅटोग्राफी (प्लेटवर घटक सुटे करणं) लावता आली तर प्रश्नच मिटतो. सिलिका प्लेट, हेक्झेन, डायइथाइल ईथर आणि असेटिक ॲसिड ८०:२०:१. १ मिलि हेक्झेनमध्ये १० मिलिग्रॅम तेल, त्यातलं ५ मायक्रोलिटर. आयोडीनच्या वाफेत तपकिरी ठिपके. वर ट्रायग्लिसराइड, खाली मुक्त मेदाम्ल, आणखी खाली डायग्लिसराइड, फॉस्फोलिपिडं तळाशी जिथे ठिपका दिला तिथेच.

निरोगी रोपात मुक्त मेदाम्लाचा ठिपका फिकाच राहतो, कारण सुटलेलं मेदाम्ल लगेच पुढे जातं. तो गडद आला तर बियाणं जुनं किंवा नमुना हळू वाळला, या दोन्हींची शंका घ्या.

प्रयोगवही

साखर झाली हे दाखवायला बेनेडिक्ट (साखर ओळखायचं निळं द्रावण) चालेल ना? मुलींनी तेच लिहिलंय आराखड्यात.

गाळणकागद

सरळ चालणार नाही. जी साखर तयार होते ती सुक्रोज, आणि सुक्रोज बेनेडिक्टला प्रतिसाद देत नाही. अर्कात थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून दोन-तीन मिनिटं उकळा, थंड करून फेस थांबेपर्यंत खायचा सोडा घाला, मग बेनेडिक्ट. सोडा कमी पडला तर निळ्याचं काही होत नाही आणि मुली "साखर नाही" लिहून मोकळ्या होतात.

पण सोयाबीनमध्ये दुसरा पेच. कोरड्या दाण्यातच सुक्रोज आणि स्टॅचिओज असतं, म्हणजे शून्य दिवसालाही उकळल्यावर रंग येणार. "दिवस ० ला नाही, दिवस ४ ला आहे" असं नाटक सोयाबीनवर जमत नाही. एरंडावर जास्त स्वच्छ दिसतं, कारण तिथे तेल भ्रूणपोषात आणि पातळ दलं मधोमध. भ्रूणपोषात साखर तयार होते, दलं ती शोषून अंकुराला देतात. दोन भाग हाताने सुटे करता येतात. टरफल काढून भिजवायचं, ओल्या वाळूत ३० अंशांवर ठेवायचं. मोडणीची एन्झाइमं चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास जोरात असतात.

एरंडाच्या बियांत रायसिन असतं, जहाल विष. हातमोजे घाला, तोंडाजवळ काही नेऊ नका, खलबत्ता आणि भांडी स्वयंपाकघरातली नकोत, उरलेला चोथा गुरांच्या वाटेला जाऊ देऊ नका. कॉलेजने परवानगी दिली नाही तर हट्ट करू नका, सोयाबीनवर तेलाची उतरण तेवढी दाखवा.

सुदानचं उरलं. सुदान ३ किंवा ४, ७० टक्के अल्कोहोलमध्ये संपृक्त, ताजं गाळलेलं. भुईमुगाचा ब्लेडने पारदर्शक काप, ५ मिनिटं रंगात, ५० टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून ग्लिसरीनमध्ये बसवा. अल्कोहोलमध्ये जास्त वेळ ठेवलं तर तेलच निघून जातं. न गाळलेल्या रंगाचे खडे तेलथेंबांसारखे दिसतात, पण त्यांना कोपरे असतात.

राऊकर

या सगळ्याचा शेतात काय उपयोग, तेही इथेच नोंदवतो. तेल मोडायला ऑक्सिजन लागतो, पायरीपायरीला लागतो. भाताचं बी पाण्याखाली पिष्ट आंबवून कोंब काढू शकतं. सोयाबीनला ती सोय नाही. काळ्या जमिनीत पेरणीनंतर पाणी साचलं की दाणा फुगतो, मोड येतो न येतो आणि सडतो. पहिली साखर संपलेली, तेल समोर असून वापरता येत नाही. म्हणून रुंद वरंबा आणि सरी, म्हणून १०० मिमीच्या आसपास पाऊस होऊन जमीन चांगली ओलावल्यावरच पेरणी, आणि खोली ३ सेंमीच्या आसपास. ६-७ सेंमीवर पडलेला दाणा शिदोरी मान वर काढण्यातच खर्च करतो. वर पापुद्रा धरला असेल तर मान मोडते आणि दलं खालीच राहतात.

बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर मळणीयंत्राचे फेरे ३५०-४०० च्या वर नकोत, ओल १० टक्क्यांच्या आसपास, गोण्यांची थप्पी चार-पाचच्या वर नको, आणि गोणी वरून आपटायची नाही. सोयाबीनच्या तेलात लिनोलेइक-लिनोलेनिक जास्त, ते हवेने खवट व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यात पेशींची पटलंही जातात. उगवण ७० च्या खाली गेली तर ते बियाणं प्रमाणित म्हणून विकता येत नाही. घरचं असेल तर त्या हिशेबाने दर वाढवा, फार खाली असेल तर बदला.

कुंडीवाली

मोड आलेलं सोयाबीन "तेल कमी होतं म्हणून पथ्याचं" असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते मग खोटंच म्हणायचं? आणि त्या वासाचं काय?

गाळणकागद

दोन दिवसांच्या मोडांत तेल जवळजवळ तेवढंच असतं. कमी होतं ते रॅफिनोज आणि स्टॅचिओज, ज्यांच्यामुळे पोट फुगतं. फायदा आहे, पण वेगळा.

वास लायपॉक्सिजनेजचा. दाणा पाण्यात वाटला की ते लिनोलेइकवर तुटून पडतं आणि हेक्झानल तयार होतं, तोच कच्चट वास. वाटून मग उकळलं तर उशीर झाला. दाणे थेट उकळत्या पाण्यात टाका, काही मिनिटांत एन्झाइम मरतं, मग वाटा. इथल्या खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा एनआरसी १४२ हा वाण लायपॉक्सिजनेज-२ शिवायचा आहे, दुधासाठी तो मिळाला तर उत्तम.

एरंडाचं_गुऱ्हाळ

कुंडीवालीताई, तुमच्या कामाची एक गोष्ट याच पेरॉक्सिसोमची. कलमाला मुळं फुटायला जी पावडर लावता, त्यात बहुधा आयबीए असतं, इंडोल ब्युटिरिक ॲसिड. तेलासारखाच त्याचाही दोन कार्बनांचा तुकडा बीटा-ऑक्सिडेशनने कापला जातो आणि आयएए हे खरं कामाचं ऑक्सिन (वाढीचं संप्रेरक) तयार होतं. २,४-डीबी तणनाशकाचंही तसंच, झाडाने कापल्यावर ते २,४-डी होतं. बीटा-ऑक्सिडेशन बिघडलेली ॲरॅबिडॉप्सिसची रोपं शोधायला हीच युक्ती वापरली: २,४-डीबी घातलेल्या माध्यमात जी रोपं मजेत वाढली, ती बाजूला काढली.

प्रयोगवही

वाखूसा (वाचनखूण साठवली). आराखडा असा बदलला: सोयाबीनवर तेल, दर २० दाण्यांमागे मिलिग्रॅममध्ये, ० ते ८ दिवस, उजेड आणि अंधार. भुईमुगावर सुदान. सोयाबीन-गहू श्वसनमापी. एरंड परवानगी मिळाली तर. एकच शंका: कॅटालेज दाखवायला हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस मोजला तर?

एरंडाचं_गुऱ्हाळ

मोजा. ३ टक्के पेरॉक्साइड, दर वेळी तितक्याच दलांचा तितक्याच पाण्यात बर्फावर वाटलेला गाळ, अरुंद मोजनळी, ३० सेकंदांनी फेसाची उंची. कोरड्या दाण्यापेक्षा चौथ्या दिवसाची दलं जास्त फेस देतील. पण एक चाचणी उकळलेल्या गाळाची हवीच, आणि निष्कर्षात "ग्लायॉक्सिसोम वाढले" असं लिहू देऊ नका. कॅटालेज वाढलं, एवढंच लिहा.